दंतमंजनाच्या डबीतलं मीठ

नाही हो काका, ही नाही — हा तर चहाचा डबा झाला, मी म्हणतेय ती एवढीशी — थांबा, हाताने दाखवते — माझ्या मुठीपेक्षा जराशी उंच, पत्र्याची, हिरवी, वरून कापलेली, आणि तिच्यावर एक बाई दात काढून हसतेय. दंतमंजनाची डबी. हो, दंतमंजनाचीच. हसा तुम्ही, कालपर्यंत मीपण हसत होते. परवा दुपारी तुमचा गाडीवाला आमच्या गल्लीत आला होता, मी त्याला दोन गोण्या दिल्या, त्याने मला बदल्यात डझनभर कपड्यांचे चिमटे दिले — चिमटे परत आणलेत बघा, एक तेवढा वापरलाय — आणि त्या गोण्यांतल्या कुठल्यातरी एकीत ती डबी आहे. गोणीचं तोंड लाल नाडीने बांधलेलं. पायजम्याची नाडी. आमच्याकडे सुतळी विकत आणत नाहीत ना, पायजमा फाटला की नाडी काढून ठेवतात, आणि मग ती नाडी माणसापेक्षा जास्त जगते.

हे इथे ओतू का? ओतते. मागून भरून देईन, शपथ. तुम्ही चहा प्या.

आज माझ्या ताईचं लग्न आहे. आज म्हणजे आज, एक वाजता सत्तर माणसं जेवायला बसणार आहेत, आणि मी नवरीची सख्खी बहीण, सकाळी साडेसातला, केसांना क्लिपा तशाच, भंगाराच्या दुकानात गोण्या उपसतेय. हॉलवर सगळे मला शोधत असतील. म्हणजे मला नाही, पिनांचा डबा माझ्या पर्समध्ये आहे, तो शोधत असतील. काय? केटरर? अहो तेच तर — सगळं जग केटरर बोलावतं. काकू सहा महिने सांगत होती, केटररला देऊन टाका आणि मोकळे व्हा, ह्या वयात कशाला पातेल्यांशी कुस्ती. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, तोंडाने फटकळ, पण ह्या एका बाबतीत तिचं बरोबर होतं. तर आई म्हणाली, माझ्या लेकीच्या लग्नातलं जेवण माझ्या हातचं. झालं. विषय संपला. आमच्याकडे आईने असं म्हटलं की बाबासुद्धा पेपर वर करून त्याच्या मागे जातात.

आणि बचत तर विचारूच नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते, कपड्यांच्या मधोमध, आल्यागेल्याला दिसतील अशा. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी कापायची, आत अजून चार दिवस असतात म्हणे. साबणाच्या चिपट्या नव्या साबणाला चिकटवायच्या — लहानपणापासून आमचा प्रत्येक साबण दोन रंगांचा. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात. बटाटे उकडलेलं पाणी रश्शात. आणि डबे. डबे, डबे, डबे. बिस्किटांच्या डब्यात बटणं, आइस्क्रीमच्या डब्यात डाळ, आणि मिठाचं माप म्हणून ही — दंतमंजनाची डबी. मी जन्मायच्या आधीची. ती कंपनी कधीच बंद पडली, ती हसणारी बाई आता पणजी झाली असेल, पण आमच्या ओट्यावर ती अजून हसतेय. हसत होती.

आता तुम्हीच सांगा काका, लग्नघर, नवऱ्याकडच्या बायका येऊन बघून जाणार, हॉलच्या स्वयंपाकघरात डोकावणार, आणि आई सगळ्यांसमोर दंतमंजनाच्या डबीने मीठ घालणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं नुसत्या विचाराने. मी माझ्या पगारातून मापांचा सेट आणला. सात मापं, चकचकीत, एकात एक बसणारी, प्रत्येकावर आकडा कोरलेला. आईच्या हातात दिला तर म्हणाली, छान आहे गं, जपून ठेव — आणि ठेवला कपाटात, खोक्यासकट. खोकंसुद्धा टाकलं नाही, त्यात आता दोरे आहेत. म्हणून मग परवा ती ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेली तेव्हा मी ओटा साफ केला. सगळं गोणीत. हसतमुख बाईपण. आणि तिच्या जागी ती सात मापं ओळीने मांडली. आणि स्वतःवर इतकी खूश झाले, की फोटो काढून ताईला पाठवला.

ती गोणी जरा इकडे सरकवा ना. नाही, ही आमची नाही, ह्यात बाटल्या आहेत, आमच्या घरातून बाटली जाणं शक्यच नाही.

हो, दुसरी घेता येईल हो, तुम्ही आत्ता तेच म्हणणार, मीही सकाळी तेच म्हटलं. पाच वाजता उठले तर आई ओट्याखाली डोकं घालून. काय शोधतेस, तर डबी. मी म्हटलं, अगं टाकली ती, ही घे ना नवी, मीठ कुठल्याही मापाने घातलं तरी मीठच. तर तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला आईच्या ओरडण्याची सवय आहे, मी परतून ओरडते, मग बाबा म्हणतात रेडिओ बंद कर — घरात मला रेडिओच म्हणतात — आणि सगळं सुरळीत होतं. पण ती खाली बसली. ओट्याला पाठ लावून, फरशीवर. आज लेकीचं लग्न आणि बाई फरशीवर.

त्या डबीला ना काका, बाहेरून खिळ्याने तीन ठोके मारलेले आहेत. एकावर एक. आत बोट घातलं की तीन उंचवटे लागतात. मला वाटायचं ते पूर्वीपासूनचेच आहेत, पडल्याझडल्याचे असतील. तर नाही. गेल्या वर्षभरातले आहेत. पहिला ठोका घरच्या छोट्या पातेल्याचा, बोटाने चाचपून तिथपर्यंतच मीठ भरायचं. दुसरा पाहुणे आले की जे काढतो त्याचा. आणि तिसरा आजचा. आजच्या रश्शाच्या मोठ्या पातेल्याचा. तो ठरवायला तिला दोन महिने लागले. दोन महिने.

कारण — जाऊ दे. तुम्हाला काय करायचंय. एक डबी आहे, मिळाली तर मिळाली.

खालच्या वॉचमनला ना ती रोज वाटीभर रस्सा पाठवायची. मीच नेऊन द्यायचे. मला वाटायचं, बघा, एवढी चिकट बाई, पण माणुसकी आहे. आणि वर आल्यावर विचारायची, काय म्हणाला? मी म्हणायचे, काय म्हणणार, थँक्यू म्हणाला. तसं नाही गं, मीठ कसं म्हणाला? आणि एका रविवारी तर अख्ख्या जिन्याला जेवायला घातलं. सगळे चाट. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बाबांना विचारलं, काही नवस वगैरे होता का? आमच्या घरी पाहुण्यालासुद्धा दुसऱ्यांदा वाढताना आई पातेल्यात आधी डोकावते, आणि त्या दिवशी पातेलं भरून रस्सा, घ्या, घ्या, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभी. मी चिडले होते. म्हटलं मला नवी चप्पल घ्यायची तर जुनीला टाके घाल म्हणतेस, आणि हे काय चाललंय?

ती तिसरा ठोका ठरवत होती हो. तिला चव लागत नाही. गेल्या पावसाळ्यात तो ताप आला होता ना — तुम्हाला कुठून माहीत असणार — त्या तापानंतर वास गेला, चव गेली, आणि आलीच नाही. मीठ टाकलं काय, साखर टाकली काय, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणाली. वर्ष झालं. वर्षभर ही बाई आम्हाला दोन वेळचं रांधून घालतेय आणि स्वतः पुठ्ठा खातेय, आणि कुणाला पत्ता नाही. आमच्या नात्यात तिची ख्याती काय माहितीये? तिला चाखावंच लागत नाही. काकूसुद्धा कबूल करते, तोंड वाकडं करून का होईना, की वहिनींचा हातच मोजतो. पूर्वी लागायचंच नाही चाखायला. आता चाखून उपयोग नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं ना.

मी म्हटलं, मला सांगायचं नाहीस? तर म्हणाली, "तुला रोज विचारत होते की."

खरंय. विचारायची. रोज संध्याकाळी चमचा घेऊन यायची, खाली तळहात धरून, थेंब सांडू नये म्हणून — तो थेंबही ती परत पातेल्यात टाकणार — मीठ बघ गं जरा. आणि मी मोबाइलमध्ये. रोज काय विचारतेस, ठीक आहे, ठीक आहे. चमचा तोंडाला लावायचेच असं नाही. म्हणजे — नाहीच लावायचे. खोटं कशाला बोलू. मान न वळवता ठीक आहे म्हणायचे. आणि ती जायची.

नवऱ्याकडचे पहिल्यांदा बघायला आले तेव्हाही विचारलं होतं. मी ताईचा आयलायनर लावत होते. म्हटलं, मस्त झालंय. रश्शात मीठच नव्हतं, काका. एक कणही. ती माणसं चांगली, गप्प जेवली, फक्त त्यांची एक आत्या आहे, ती हात धुताना म्हणाली, तुमच्याकडे ब्लडप्रेशर आहे वाटतं कुणाला. सगळे हसले. आई पण हसली. मी तर सगळ्यात मोठ्याने हसले, आत्या किती विनोदी आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी खिळा घेऊन बसली ती, हेही मला आज सकाळीच कळलं. म्हणाली, "डबी कंटाळत नाही."

हा ओरखडा कसला इथे — नाही, हा शूपॉलिशचा डबा आहे. तुम्ही काही खिन्न चेहरा करू नका हो, मी काही रडायला आले नाहीये, मला राग आलाय. तिचाच राग आलाय. सांगायचं ना माणसाने सरळ. स्वच्छ सांगायचं, मला चव लागत नाही, तू नीट चाखून सांग. मी काय एवढी — मी चाखलं नसतं का? सगळ्यातच काटकसर करते ती, सांगण्यातसुद्धा. दुधाच्या पिशवीतलं पाणी वाया घालवायचं नाही आणि हे असलं एवढं मोठं वर्षभर मनात तुंबवून ठेवायचं. आणि वर मला शपथ घातली, काकूला कळता कामा नये, ताईला आजच्या दिवशी कळता कामा नये, बाबांना तर नाहीच. कुणालाही सांगायचं नाही म्हणाली. कुणालाही.

तुम्ही तसे कुणी नाही. म्हणजे — तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही आमचे नातेवाईक नाही एवढंच. तुमच्याकडून काकूपर्यंत जायचं काही कारण नाही. ती भंगार विकत नाही, सगळं बाल्कनीत साठवते.

लाल नाडी. ही बघा, लाल नाडी. काका हीच, हीच आमची गोणी — पण ही सुटलेली कशी? तोंड उघडं आहे. ह्यातलं कुठंय सगळं? काढलं? पत्र्याचं वेगळं काढलं. आणि — चेपलं. कधी? काल संध्याकाळी. हो, बरोबर आहे, जागा लागते, तुमचं काय चुकलं. तो ढीग का? तो अख्खा? सगळं पायाने? नाही, बघते मी, हात कापले तर कापू देत, मेंदी-बिंदी काही लावलेली नाही —

हिरवं.

हे बघा. अर्धे दात दिसतायत. वरून पाय दिलाय ना, उभ्याची आडवी झालीये बिचारी, झाकणाएवढी. ठोके — एक इथे आहे घडीत. हा पहिला की दुसरा, काय कळणार. नाही हो, ठोकून सरळ करून काय उपयोग, उंचीच गेली, तिसरा ठोका कितीवर होता ते कुणाला माहीत. साधं पाणी भरून माझ्या त्या सात मापांनी मोजून ठेवलं असतं टाकायच्या आधी. पाच मिनिटं लागली असती. फोटो काढायला वेळ होता.

थांबा, फोन. आईचाच.

हां, बोल. ... सापडली. पण आई — चपटी झालीये. पूर्ण. ... नाही, नाही दिसत. ... पातेलं चढवलंस? ... काकू आली का? ... ऐक ना. ऐक. बाहेर कुणाला काही बोलू नकोस, मीठ घालू नकोस, मी येतेय. मी थोडं थोडं घालत जाते आणि चाखत जाते. ... हो, प्रत्येक पातेल्यातलं. ... काकूला सांग, रेडिओला भूक लागलीये, सारखी पातेल्यात चमचा घालतेय. तिला पटेल ते. ... हो. ... काय? ... नाही गं. ... नाही चिडणार. कितीदाही विचार. ... हो, आणते. ठेव.

काही नाही. काय म्हणाली म्हणजे — विचारत होती, वीस वेळा विचारलं तर चिडणार नाहीस ना. आई मुलीला विचारतेय असं.

चला, मी हे भरते पटापट — राहू दे म्हणताय? नक्की? मग हे चिमटे ठेवा, अकरा आहेत. आणि तुम्ही काही ऐकलं नाहीये, बरं का. एक मुलगी आली, डबी शोधून गेली, बस. ती डबी द्या इकडे. हो, तीच, चपटीच. आईने आणायला सांगितलीये — घरच्या स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटते, तिच्याखाली टेकू द्यायला होईल म्हणाली. द्या. आणि चहा घ्या तुमचा, निवला बघा माझ्यापायी.