कण न् कण

दिवेलागणीला पनवेल स्टँडबाहेर खारघरच्या शेअर रिक्षाची रांग होती. माझ्या पुढे दोघं कॉलेजवाले. गळ्यातल्या ओळखपत्रांवरून बाई हेप्झिबा, तरुण प्रितम.

"मॅडम, उद्या खरेदी कमिटीत माझं मत पहिल्याच मायक्रोस्कोपला. डेमोला काय फोटो आला! पेशीचा कण न् कण दिसत होता."

"आणि पेशी?"

"त्या... मेल्या."

"म्हणजे लग्नाचा फोटो झकास, नवरी बेशुद्ध."

"लेझरचा उजेड जरा जास्त झाला, एवढंच. दुसऱ्या मशीनचा फोटो किती फिका!"

"पण पेशी रात्रभर मजेत हलत होत्या. आपली लॅब जिवंत पेशी बघायलाच आहे ना?"

"मॅडम, ती सगळ्या विभागांची लॅब आहे. सगळ्यांना झगझगीत फोटोच हवाय."

"बरं. इकडे बघ."

"अहो, मोबाइलची बॅटरी डोळ्यांवर कशाला?"

"रिक्षा येईपर्यंत असाच उभा राहा. आणि नैसर्गिक वाग."

"कसं वागू? मला काही दिसत नाहीये!"

"मला तू फार छान दिसतोयस. कण न् कण."

"डोळ्यांतून पाणी येतंय, मॅडम!"

"हलू नकोस, फोटो बिघडेल."

मागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या मावशींना राहवेना.

"काय शोधतेस गो बाय त्याच्या तोंडावर?"

"याचं मत बदलतंय का, ते बघतेय मावशी."

"बदललं! दुसरं मशीन घेऊ! बंद करा आधी!"

"मंग इजव ना गो ती बॅटरी. पोर मेला त मत कोन देल?"