सहीची कोरी जागा

अक्का, तुमच्याबरोबर धुळ्याहून आलेली सरांच्या घरची मंडळी आणि सरांचे आपण सगळे विद्यार्थी,

सरांच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले आणि ठरवलेलं पहिलं वाक्यच आठवेना. म्हणून सरांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. दोन सारखे अणू. दोघांनाही धक्का बसतो. एक सुटून जातो, दुसरा पुन्हा आपल्यासारख्यांतच जाऊन बसतो. हाच का परतला, तो का नाही? मला उत्तर येत नाही. सरांनाही येत नव्हतं, आणि ते तसं फळ्यावर लिहायचे.

आपल्या प्रयोगशाळेतलं ते मेणानं भरलेलं पिंप आठवतं ना? त्याच्या पोटात न्यूट्रॉनचा छोटा स्रोत, शेजारी आयोडीनच्या संयुगाची बाटली. न्यूट्रॉन शिरला की आयोडीनचा अणू किरणोत्सारी होतो, उसळतो, बंध तोडतो. मग बाटली पाण्याबरोबर हलवायची आणि सुटलेले अणू पाण्यात किती उतरले ते मोजायचं. घाई असायची. सर म्हणायचे, "पंचवीस मिनिटांत निम्मे संपतात, आणि तू अजून बूच शोधतेस?"

माझे बरेच अणू पाण्यात आलेच नाहीत. मला वाटलं, माझंच चुकलं. बंध तुटतो म्हणजे सगळे सुटणार. मी वहीत जवळजवळ सगळे सुटल्याचा आकडा लिहिला.

सर वर्गात शुद्ध बोलत. कुणी पकडलं गेलं की खान्देशी. "बठ्ठा निंघी गयात? एक बी घर वना नही?"

सगळेच निघून गेले, एकही घरी परतला नाही का, असं ते विचारत होते.

"खरा आकडा आण, सही करतो."

पुढच्या सोमवारी ते धुळ्याहून येणाऱ्या एसटीत होते. मी कॉलेजला यायला एरंडोलला चढले. त्यांनी पिशवी उचलून जागा दिली, शेंगदाणे पुढे केले. म्हणाले, "मी दर शनिवारी घरी परततो, म्हणून माझी नोकरी चुकली का? सुटलेला अणू शेजाऱ्यांना धडकतो, कधी पुन्हा बंध जोडतो. तुझा प्रयोग बरोबर होता गं. वही चुकली."

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. आईने ती वही पानन् पान उलटली. एका पानाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आठे सही काबर नही?"

मी म्हणाले, "सर विसरले."

आई, तू मागे बसली आहेस. सर विसरले नव्हते.

पुढे मी याच विभागात शिकवायला लागले. तो प्रयोग पुन्हा करायचा राहूनच गेला. मागच्या भेटीत त्यांनी विचारलं, "वही आहे का अजून?" मी हो म्हणाले आणि विषय बदलला.

आता आपण उभे राहून दोन मिनिटं शांत राहू या. वही त्यांच्या फोटोपाशी आहे. काल मी तो प्रयोग पुन्हा केला. जुन्या आकड्यावर रेघ मारली, खाली खरा लिहिला. सहीची जागा कोरीच ठेवली.