सत्यनारायणाचं शूटिंग

वरकुट्याच्या आमच्या मास्तरांनी पिक्चर काढला होता, ते तुमाला सांगितलं न्हाय का? मोडलेला संसार देवाच्या कृपेनं पुन्हा जुळतो, अशी हसत-रडत जाणारी गोष्ट. नवरा-बायको म्हणून घेतले वसंतराव आन् लताबाई. दोघं खरीच नवरा-बायको, पण दोन वर्षं वेगळी राहत होती, म्हणून तर घेतली. भांडणाचा सीन एका टेकमध्ये ओके झाला. कागदावर नसलेलंबी बरंच निघालं.

अडलं ते माफीवर. लताबाई 'माफ केलं' म्हणंनात.

मास्तर म्हणाले, "बाई, लिहिलंय तसं म्हणा."

"लिहिणाऱ्याला कुठं ह्यांच्यासंगं नांदायचंय?"

मास्तरांनी तो सीन बाजूला ठेवून सत्यनारायणाचा घेतला. गुरुजी मात्र खरे आणले होते, कळंबचे. त्यांनी वसंतरावांना संकल्प सोडायला लावला आन् लताबाईंना म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा." बाईंनी दोन बोटं टेकवली.

मास्तर म्हणाले, "कट. झालं, उठा."

"उठा कसं?" गुरुजी म्हणाले. "संकल्प सोडलाय. आता आरती होईस्तोवर जोडप्याला उठता येणार न्हाय."

कॅमेरा बंद, लाईट बंद. आमी लांब वडापाव खात बसलो आन् ती दोघं पाटावर, कथा ऐकत. पाचवा अध्याय संपला तवा वसंतराव खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं, लता."

मास्तर वडापाव टाकून पळत आले. "वसंतराव, थांबा, कॅमेरा लावतो. परत एकदा म्हणा."

लताबाई म्हणाल्या, "परत कशाला? मला ऐकू आलंय."