बत्तीस टनांचं पासिंग

पिरोश्का : मागच्या दोन एक्सलवर तेवीस टन सहाशे, पुढच्या दोनांवर चौदा टन सहाशे. एकूण अडतीस टन दोनशे. गाडीचं पासिंग किती आहे, तिहामेर?

तिहामेर : बत्तीस.

पिरोश्का : आणि गल्लीच्या तोंडाशी ती गोल पाटी लावलीय, तिच्यावर किती टन लिहिलंय?

तिहामेर : साडेसात.

पिरोश्का : वाचता येतं म्हणजे. मला वाटलं होतं, तू म्हणशील की उन्हामुळे दिसली नाही.

तिहामेर : दिसली.

पिरोश्का : काटा पुन्हा लावू? तुला तो हक्क आहे. चाकं पुढेमागे घे, काट्याच्या पट्ट्या चाकांखाली नीट ठेवू, पुन्हा मोजू. माझ्या जोडीचा ओडोन आमच्या गाडीतच बसलाय, त्याच्यासमोर मोजू. वजनाच्या तिन्ही कागदांवर सही त्याचीच आहे, माझी नाही. नंतर कोणी म्हणायला नको की विधवेनं काट्यावर पाय ठेवला.

तिहामेर : नको. आकडा बरोबर आहे. ड्रममध्ये दहा घनमीटर काँक्रीट आहे.

पिरोश्का : भांडत का नाहीस? या गावात भांडत नाही असा ड्रायव्हर मी अजून पाहिला नाही. कालच्या बटाटेवाल्यानं तर माझ्या आईपर्यंत मजल मारली होती.

तिहामेर : भांडण्यासारखं काय आहे त्यात?

पिरोश्का : माल भरून किती वेळ झाला?

तिहामेर : पाऊण तास. या उन्हात अजून पाऊण तास फार तर. मग ड्रममध्येच दगड होईल.

पिरोश्का : होऊ दे.

तिहामेर : हं.

पिरोश्का : ऐकलंस ना, तिहामेर? मी होऊ दे म्हणाले. गाडी इथून हातभरही हलणार नाही. जादाचा माल दुसऱ्या गाडीत काढल्याशिवाय नाही, आणि काँक्रीट दुसऱ्या गाडीत काढायला तुमच्याकडे काय आहे, चमचे? चार वर्षं वाट पाहिलीय मी. या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, बाई, तुम्ही तर शाळेत हिशेबनीस होतात, रस्त्यावर उन्हातान्हात ट्रक मोजायचं काम कशाला हवंय? मी सांगितलं, आकडे आवडतात मला. त्यांना गंमत वाटली.

तिहामेर : मला माहीत होतं तू कशासाठी आलीस ते. सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. मंगळवारी आणि गुरुवारी पिरोश्काबाई वरच्या नाक्यावर असते, तिकडून जाऊ नका, असं प्लांटवर फळ्यावर लिहून ठेवतात.

पिरोश्का : आज गुरुवार आहे.

तिहामेर : हो.

पिरोश्का : मग?

तिहामेर : पांढरी गाडी आली बघ. मालक.

कालमान : काय चाललंय काय इथे? तिहामेर! तिकडे हॉटेलचा स्लॅब अर्धा ओतून पडलाय, पंप नुसता हवा खातोय, इंजिनिअर घड्याळ बघतोय, आणि तू इथे सावलीत गप्पा मारतोयस? तुला बाहेरच्या वळणरस्त्यानं यायला सांगितलं होतं ना?

तिहामेर : सांगितलं होतं, साहेब.

कालमान : मग इकडे कशाला मरायला आलास? असो. नमस्कार, पिरोश्काबाई. फार दिवसांनी भेट झाली.

पिरोश्का : कोर्टाच्या पायऱ्यांवर झाली होती, कालमानसाहेब. तुम्ही मला छत्री दिली होती.

कालमान : पाऊस होता हो. बरं, हे बघा. थोडंफार वजन जास्त असेल, मी नाही म्हणत नाही. प्लांटवरच्या पोरांनी चूक केली. तुम्ही कागद करा, मी सही करतो, आणि गाडी सोडा. तासाभराचा तर प्रश्न आहे.

पिरोश्का : सहा टन दोनशे जास्त आहे. तेही या रस्त्यावर, जिथे मोकळा मिक्सरसुद्धा येऊ शकत नाही. तुमच्या भाषेत याला थोडंफार म्हणतात का?

कालमान : नियम मलाही पाठ आहेत, बाई. माल नासणारा असेल तर अधिकारी गाडी परत भरल्या जागी जाऊ देऊ शकतो. प्लांट तीन किलोमीटरवर आहे. परत जाऊ द्या. स्लॅबचं मी बघून घेईन, निदान ड्रम तरी वाचेल.

पिरोश्का : देऊ शकतो, असं लिहिलंय. द्यावं, असं लिहिलेलं नाही. त्या एका शब्दावर मी चार वर्षं जगतेय.

कालमान : म्हणजे सूड घेताय.

पिरोश्का : हो.

कालमान : तोंडावर कबूल करताय? छातीवरचा कॅमेरा चालू आहे ना तो?

पिरोश्का : चालू आहे. सगळं टिपलं जातंय. काटा खोटा असता तर माझ्या सुडाला तुम्ही हसला असता. काटा खरा आहे, म्हणून तुम्हाला घाम फुटलाय.

कालमान : बाई, तुमच्या नवऱ्याचं, व्हिल्मोशचं जे झालं त्याचं मलाही दुःख आहे. पण तज्ज्ञांनी लेखी दिलंय. गाडी मोकळी होती, मोकळ्या गाडीच्या वजनानं गल्लीखालच्या तळघराचं छत कोसळूच शकत नाही. दोनशे वर्षांचा मऊ दगड, पाणी मुरलेलं. तो त्या दिवशी आपोआप खाली आला. तिहामेर चुकून गल्लीत शिरला, त्याची शिक्षा त्यानं भोगली. आणखी काय हवंय तुम्हाला?

पिरोश्का : गाडी मोकळी नव्हती, एवढं हवंय. तुमच्या तोंडून.

कालमान : मी तळघर पुन्हा बांधून देतो. आजच शब्द देतो. कमानी, दिवे, हवा खेळायला झरोके, सगळं. आख्ख्या एगेर गावात तसं तळघर नसेल.

पिरोश्का : आणि त्यात बसवू कोणाला?

कालमान : तिहामेर, तुझ्या केबिनमध्ये साखर आहे का? दहा किलोची पिशवी ठेवायला सांगितली होती. ड्रममध्ये टाक. साखरेनं माल लवकर घट्ट होणार नाही, दोन तास तरी मिळतील. तेवढ्यात मी वरून फोन करवतो. अजून ओळखी मेल्या नाहीत माझ्या.

तिहामेर : आहे साखर.

कालमान : मग टाक की! बघतोस काय?

तिहामेर : नाही टाकत, साहेब.

कालमान : काय म्हणालास?

(तिहामेर केबिनमध्ये चढून इंजिन बंद करतो, ड्रम एकदा कुरकुरून थांबतो. खाली उतरून तो किल्ली पिरोश्काच्या तळहातावर ठेवतो. ती किल्लीकडे बघत राहते. हे तिच्या चार वर्षांच्या कुठल्याच बेतात नव्हतं.)

कालमान : अरे ड्रम! ड्रम का थांबवलास? वेड लागलंय का तुला? दे ती किल्ली. बाई, किल्ली द्या!

पिरोश्का : तिहामेर, हे काय आहे?

तिहामेर : मी चुकून नाही आलो आज. फळ्यावर वाचून आलो. वळणरस्ता मोकळा होता, पण मी वर चढलो. तू मोजावंस म्हणून.

कालमान : गप्प बस!

तिहामेर : शनिवारी आम्हा ड्रायव्हरांचं जेवण होतं, पिरोश्का. साहेबांनी हॉटेलचं काम मिळाल्याबद्दल दिलं होतं. साहेबांनी पेला उचलला आणि म्हणाले, जुन्या दगडाच्या नावानं! टेबलभर सगळे हसले. सगळ्यांना कळलं, कुठला दगड ते.

पिरोश्का : आणि तू?

तिहामेर : मीही हसलो. शाळेत एका बाकावर बसायचो मी आणि व्हिल्मोश. त्याच्या लग्नात मी तुमची गाडी सजवली होती. त्याच तळघरात वाइनच्या पिंपाला टेकून किती वेळा बसलो असेन. आणि मी हसलो. घरी जाऊन झोपलो नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. मग फळ्यावर गुरुवार वाचला.

पिरोश्का : गाडी भरलेली होती ना? त्या दिवशी.

तिहामेर : नऊ घनमीटर. पस्तीस-छत्तीस टन असेल.

कालमान : खोटं! बाई, याचा नोकरीवरून माझ्याशी वाद चाललाय, हा काहीही बरळेल.

तिहामेर : मी गल्लीतून पुढे गेलो, माल ओतला, ड्रम धुतला. छत माझ्यामागे तीन मिनिटांनी कोसळलं, हे मला संध्याकाळी कळलं. मी साहेबांकडे गेलो, म्हटलं पोलिसांत जातो. साहेब म्हणाले, बस, आधी पाणी पी.

कालमान : आणि पाणी पिऊन काय केलंस तू? सांग ना! पाय धरलेस माझे! रडलास! दोन पोरी आहेत म्हणालास! मालाचं नवं चलान कोणी लिहिलं रात्रभर बसून? वेळ कोणी बदलली? तुझी मान कोणी वाचवली? मी! तुझ्यासाठी बदललं मी ते चलान, हरामखोरा, तुझ्यासाठी!

पिरोश्का : ओडोन, ऐकलंस ना सगळं? खिडकी उघडीच आहे, हो. लिहून ठेव. एक वाजून दहा मिनिटं.

कालमान : बाई, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

पिरोश्का : कोर्टात सांगा. छत्री मी आणीन तुमच्यासाठी.

कालमान : तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? माझ्याकडे एकोणीस माणसं कामाला आहेत. उद्या त्यांच्या बायका तुमच्या दारात येतील.

पिरोश्का : येऊ देत. त्यांनाही काटा दाखवीन. पोलिसांना मघाशीच फोन केलाय, तुम्ही गाडीतून उतरत होतात तेव्हा. जायचं असेल तर जा वकिलाकडे. तुम्हाला अडवायचा हक्क मला नाही, फक्त गाडीला आहे.

कालमान : तिहामेर, तू संपलास. ऐकतोयस? या जिल्ह्यात तुला हातगाडीसुद्धा कोणी चालवायला देणार नाही.

तिहामेर : बरं, साहेब.

कालमान : मूर्ख माणसा, तुलाही आत जावं लागेल! मी एकटा नाही जाणार!

तिहामेर : माहीत आहे.

पिरोश्का : गेला. आरसा न बघताच वळवली गाडी. त्या कोपऱ्यावरच्या बाईची पेलार्गोनियमची कुंडी पाडली.

तिहामेर : हात लावून बघ ड्रमला. गरम लागतोय. माल बसायला लागला की तापतो.

पिरोश्का : मला वाटायचं, हे होईल तेव्हा मी मोठ्यानं हसेन. घरी एकटीनं तालीमसुद्धा केली होती. तुला काय बोलायचं, त्याला काय बोलायचं. आरशासमोर.

तिहामेर : बोल की. अजून वेळ आहे.

पिरोश्का : तुला वाटत असेल, किल्ली हातात ठेवली म्हणजे झालं.

तिहामेर : नाही वाटत.

पिरोश्का : तक्रारीत पहिलं नाव तुझंच घालणार आहे मी. त्याचं नंतर. त्यानं कागद बदलला, गाडी तू चालवलीस. पाटी वाचूनही चालवलीस. आणि चार वर्षं माझ्यासमोरून, चर्चमध्ये, बाजारात, टोपी काढून जात राहिलास. जबानी देऊन तू सुटणार असशील, तर मी वरच्या कोर्टात जाईन. तिथून सुटलास तर त्याच्याही वरच्या.

तिहामेर : जा.

पिरोश्का : तुझ्या पोरी मला शिव्या देतील.

तिहामेर : थोरलीला काल सगळं सांगितलं मी. ती काही बोलली नाही. डबा मात्र भरून दिला सकाळी.

पिरोश्का : मला तिचं काही सांगू नकोस.

तिहामेर : बरं.

पिरोश्का : पोलीस आले की सगळं पहिल्यापासून सांगायचं. नऊ घनमीटर, वेळ, चलान. एक शब्द गाळलास तर बघ.

तिहामेर : नाही गाळणार. पिरोश्का, एक विचारू? नको वाटलं तर सांगू नकोस.

पिरोश्का : विचार.

तिहामेर : मी पाटी वाचली होती, खरंय. पण मी विचार केला होता. उन्हाळ्यात दुपारी व्हिल्मोश वरच्या मळ्यावर असतो. वीस वर्षांत चुकला नव्हता. बाकीची तळघरं त्या बाजूला बंदच. खाली कोणी नसणार, याची खात्री करूनच मी गल्लीत गाडी घातली. शपथेवर सांगतो. चार वर्षं मी एवढंच डोक्यात घोळवतोय. तो त्या वेळी खाली का होता?

पिरोश्का : सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं. तरी निघाला होता मळ्यावर. टोपी घालून दारात उभा होता. मीच म्हटलं, या उन्हात नको जाऊस, खाली गारव्याला जाऊन पड जरा.