शेपटीला धरून नदीपार

चोस मालाल गावच्या दवाखान्यात झुलेमा नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी दुखावलेला हात झोळीत बांधून गळ्यात अडकवलेला म्हातारा होता आणि त्याला ‘माते’ या कडवट पानांच्या चहाचा पेला भरून देणारी त्याची बायको. पलीकडच्या बाईने विचारलं,

"काय झालं, काका?"

"उन्हाळ्यासाठी गुरं डोंगरावर न्यायला सगळं घर निघालं होतं. घोड्यावरून पडलो."

"बुजला का घोडा?"

"तो बिचारा शांत होता. नदीत मी सुनेला दाखवत होतो, खोगिरावर घट्ट कसं बसायचं."

"आणि दाखवता दाखवता घसरले," बायको म्हणाली.

"वाहत चाललो होतो. हाती गाईची शेपटी लागली, तिनेच पलीकडे नेलं."

"सून हसली असेल."

"हसतेय कसली? मला काढायला घोडा घालून धारेत शिरली होती. काठावर येऊन रडली."

"मग पुढच्या उन्हाळ्यात?"

"गुरांच्या पुढे तीच राहील. मी मागे, वासरांबरोबर. फक्त तिला तसं सांगायचा धीर होत नाहीये."

"मी सांगितलं," बायको म्हणाली. "तिने तुमच्यासाठी म्हातारी घोडी काढून ठेवलीय. म्हणाली, बाबा पडले तरी ती थांबते."

म्हाताऱ्याने पेला रिकामा करून परत दिला.

"खोगीर तरी माझंच घालेल ना?"