गव्हाण सोडली

माझ्या या निरोप समारंभाचे माननीय अध्यक्ष, आपल्या संशोधन केंद्राचे संचालक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, इतकी वर्षं मला सहन केलेले सहकारी, आणि गोठ्यावरून हातपाय धुऊन थेट मागच्या रांगेत येऊन बसलेली माझी मंडळी, सर्वांना नमस्कार.

संचालकांनी आत्ता माझं जे वर्णन केलं, ते ऐकून मलाही त्या गृहस्थांना एकदा भेटावंसं वाटलं. त्यांचा मी आभारी आहे. मला सात मिनिटं दिली आहेत, त्यातलं एक या माईकने खाल्लं.

मानपत्रात लिहिलंय की आमच्या गळपट्ट्यामुळे गायीचं दुखणं दोन दिवस आधी कळतं. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. गळ्यातला पट्टा रवंथ मोजतो आणि गव्हाणीखालचा काटा तिने किती चारा खाल्ला ते मोजतो. गाय आजार लपवते, कळपात अशक्त दिसणं तिला परवडत नाही. म्हणून आम्ही तिची तुलना शेजारणीशी करत नाही, तिच्याच गेल्या आठवड्याशी करतो. खाणं दहा टक्क्यांनी उतरलं, की माझ्या फोनवर लाल दिवा लागतो. वेळेत कळलं की औषध कमी लागतं, चारा वाया जात नाही, आणि तेवढ्याच दुधासाठी कमी जनावरं पुरतात. दोनशे बारा गायी, सहा वर्षं, आणि एकही लाल दिवा माझ्या नजरेतून सुटला नाही. मानपत्रात हेही आहे, आणि ते खरं आहे.

मागे आमचे काका बसलेत, गोठ्यावर सगळे त्यांना रवंथकाका म्हणतात. तीस वर्षं गोठ्यावर आहेत. पट्ट्याच्या आधी त्यांना कळायचं, आणि त्यांनी सांगितलेलं मी नोंदवहीत 'अंदाज' म्हणून लिहायचो. शास्त्रज्ञ होतो ना मी.

दर गुरुवारी माझी बायको डबा घेऊन केंद्रावर यायची. चारा-कोठारामागच्या ओट्यावर ती, काका आणि मी, असे आम्ही तिघं जेवायचो. फोन माझ्या ताटाशेजारी असायचा, आणि मी त्याच्याकडे बघत जेवायचो.

एका गुरुवारी ती भांडी विसळायला नळावर गेली, तेव्हा काका हळूच म्हणाले, "साहेब, बाईंनी गव्हाण सोडलीय." जनावर चाऱ्याला तोंड लावून मागे सरतं, तेव्हा गोठ्यावर असं म्हणतात. "अर्धं तुमच्या ताटात सरकवतात. तीन गुरुवार बघतोय मी."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काका, त्यांनाही बांधू का एक पट्टा?" आणि हसलो. घरी जाऊन तो विनोद तिलाही ऐकवला. ती माझ्याहून जास्त हसली. म्हणाली, "अहो, निघताना मघाशीच खाल्लं होतं मी थोडं." विषय तिथेच संपला.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचं जेवण कधीपासून कमी झालंय?" एकशे चाळीस नंबरच्या गायीचं मी तारीखवार सांगितलं असतं. इथे मी खिशातला फोन चाचपत राहिलो. तेव्हा हिनेच मला सावरून घेतलं. म्हणाली, "अगदी एवढ्यातच झालंय हो, यांना कसं कळणार?" माझी लाज राखायला ती डॉक्टरांशी खोटं बोलली. त्यानंतर आम्हाला अकरा आठवडे मिळाले.

बायकोला गायींच्या रांगेत बसवलं म्हणून, ती आज इथे असती तर घरी गेल्यावर माझी चांगलीच हजेरी घेतली असती. त्या हजेरीसाठी जीव तुटतो माझा. येत्या गुरुवारी तिला जाऊन वर्ष होईल.

काल मी माझं कपाट आवरलं. जुन्या वह्या काढून जिथे जिथे काकांच्या सांगण्यापुढे 'अंदाज' लिहिलं होतं, तिथे ते खोडून 'निरीक्षण' लिहिलं. माझ्यानंतर येणाऱ्यांना गिचमीड वाटेल, पण तेवढं वाचून घ्या. पट्टे उत्तम आहेत, ते जरूर वापरा.

आता आभार. संचालकांचे, सहकाऱ्यांचे, आणि काकांचे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घालावं. जिच्याजवळ खरी माफी मागायची, तिने माझी चूक त्या दिवशी दवाखान्यातच पोटात घातली.

आणि एक राहिलं. सकाळी काकांनी मला विचारलं, "साहेब, जेवलात का?" मी म्हणालो, "मघाशीच खाल्लं थोडं." ते माझ्याकडे बघत राहिले. काका, मी खोटं बोललो. मला बरेच दिवस घास उतरत नाही. आज जेवताना तुमच्या शेजारी मला जागा ठेवा.

नमस्कार.