बुधवारच्या बाजारात वर गेलेला हात

सन्माननीय अध्यक्षा लॉर्ना टीटजेन, व्यासपीठावरचे पास्टर ओबर्ग, आपले सत्कारमूर्ती सिनेटर मर्ल हॅसकॅम्प, त्यांच्या पत्नी डोरीनबाई, आणि केकची वाट पाहत मला सहन करणाऱ्या गावकरी बंधुभगिनींनो,

चाळीस वर्षं मी गुरांचा लिलाव पुकारतोय. अशा माणसाला सावकाश बोलायला सांगणं ही अध्यक्षांनी दिलेली शिक्षाच आहे.

मर्ल चोवीस वर्षं आपले सिनेटर. नोव्हेंबरात आपल्या राज्यात कोण जिंकतं, हे सांगायला ज्योतिषी लागतो का? खरी लढत मे महिन्यात, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, आपसांत. आजवर त्यांच्यासमोर कुणी उभंच राहत नव्हतं. या खेपेला कर्ट ब्रुनिंग हा बियाणं विकणारा तरुण उभा राहिला आणि गावोगाव एकच सांगत फिरला, "मर्लना आता आपली ओळख राहिलेली नाही."

मतदानाला सहा दिवस उरले होते. बारा वर्षांनी मर्ल आमच्या गुरांच्या बाजारात आले, मागे वार्ताहर. मी एक लाल गाय पुकारत होतो. त्यांनी दारातूनच सगळ्यांना हात केला. बाजारात वर गेलेला हात म्हणजे बोली. मी हातोडा आपटला, "विकली! सिनेटरसाहेबांना!"

"मर्ल, ट्रक आणलायस का?" वेंडेल श्राम ओरडला.

"विमानानं नेणार तो!" मागून आणखी कुणीतरी. "गाभण आहे रे, दोन तिकिटं काढ!"

मर्ल गोरेमोरे झाले. म्हणाले, "अरे, मी नुसता हात हलवला!"

मग कुणी हसलं नाही. आपल्याकडे बोलीचा हात मागे घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते वाक्य राज्यभर छापून आलं, आणि मंगळवारी मर्ल साडेआठशे मतांनी हरले. आपलं इस्पितळ बंद पडू दिलं नाही ते याच माणसानं. माझी नात तिथंच जन्मली.

आता एक राहिलेलं सांगतो. बोलीचा हात कधी टोपीच्या वर जात नाही. शेजाऱ्याला कळू नये इतपतच उठतो. मर्लचा हात बोलीचा नव्हता, हे हातोडा उचलण्याआधीच मला कळलं होतं. मला फक्त हशा हवा होता.

गेल्या बुधवारी मर्ल पुन्हा बाजारात आले. एकटेच. तिसऱ्या बाकावर बसले. एका लाल गाईवर त्यांची दोन बोटं गुडघ्यावरून जेमतेम उठली. शेजारच्या वेंडेललाही दिसली नाहीत. मला दिसली. गाय त्यांनी घरी नेली.

अध्यक्षांचे, केक करणाऱ्या भगिनींचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. भाषणात कमीजास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालालच. त्या बुधवारच्या चुकीची माफी मात्र, मर्ल, मला तुमच्याकडूनच हवी आहे. नुसता हात हलवलात तरी चालेल. आज बरोबर ओळखेन.